गाडीचं काळं प्लॅस्टिक राखाडी पडलंय, काय करावं? (सांगली)

कृष्णाकाठ | १३ एप्रिल, रात्री ९:५२

मंडळी, गाडी २०१५ची, पांढरी, स्वतःला एसयूव्ही म्हणवून घेणारी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. शिवाय आमच्या गल्लीत चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत आणि चौघींच्याही चाकांवरची काळी कमान अंगारा फासल्यासारखी झालीय. माझ्या गाडीचं दारांखालचं क्लॅडिंग (पत्र्यावर बसवलेली काळ्या प्लॅस्टिकची पट्टी), दोन्ही बंपरांचा खालचा भाग, आरशांची बुडं आणि वायपरखालची जाळी, सगळं राखाडी. पत्रा मात्र अजून झकास. म्हणजे माणूस तरणा आणि मिशा तेवढ्या पिकलेल्या.

राहतो विश्रामबागला. पोर्च नाही. गाडी उत्तरेकडं तोंड करून उभी असते, ड्रायव्हरची बाजू भिंतीकडं. गंमत म्हणजे भिंतीकडची बाजू अजून बऱ्यापैकी काळी आहे. डावीकडं दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन, ती बाजू पार गेली.

दोन प्रयोग करून झाले. एका वॉशिंग सेंटरवाल्यानं दीडशे रुपयांत काहीतरी चकचकीत चोपडलं. घरी येईपर्यंत शेजारी विचारत होते, नवी घेतली का. आठवड्याभरात वळीव झाला आणि पांढऱ्या दारांवर काळपट ओघळ! मग शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून खोबरेल लावलं. तेव्हा उसाचा सीझन जोरात होता, पाचट पेटवलेली राख उडून यायची, ती सगळी त्या तेलावर बसली. हात लावला की बोटं काळी, प्लॅस्टिक तसंच.

कायमचा नाही तरी वर्षभर टिकेल असा काही उपाय आहे का? खर्च दोनेक हजारांपर्यंत. मेहनतीला तयार आहे.

भडंगप्रेमी | १३ एप्रिल, रात्री १०:१५

सेम पिंच. रुमाल टाकून बसतोय.

तात्या_मिरज | १३ एप्रिल, रात्री १०:४१

खोबरेल चुकीचंच. डिझेलमध्ये थोडं जुनं इंजिन ऑइल मिसळून फडक्यानं पुसायचं. आम्ही ट्रॅक्टरला, जीपला सगळ्याला तेच केलं. एक पैसा खर्च नाही.

सातारी_कंदी | १३ एप्रिल, रात्री ११:०५

तात्या, ट्रॅक्टरवर राख बसली तर कोण बघतंय! 😄

भावा, मी गोडोलीत असतो, दोन गाड्या कास-महाबळेश्वरला भाड्यानं पळवतो. तिकडची तांबडी माती त्या दाणेदार प्लॅस्टिकमध्ये जी बसते ती बसतेच. मी तुझ्यासारखाच वैतागून एकदा मॅट ब्लॅक स्प्रेचा डबा आणला आणि सगळं मारून काढलं. पहिला महिना लय भारी. मग मे महिन्यात पापुद्रे सुटायला लागले, आणि एक दिवस प्रेशरच्या पाण्यानं धुताना वीतभर पट्टा केळीच्या सालीसारखा निघून आला. उरलेला काढायला जो त्रास झाला तो विचारू नको. त्यामुळं रंग सोडून बाकी काहीही कर.

पिवळीहळद | १४ एप्रिल, सकाळी ७:२०

माझ्या स्कूटरच्या पाय ठेवायच्या काळ्या भागाचंही असंच झालंय. पण मला वाटतं माझं उन्हानं नाही, पॉलिशनं झालंय. भावानं हौसेनं वॅक्स पॉलिश केलं, ते काळ्या भागावरही गेलं आणि आता पांढरे ठिपके ठिपके. धुऊन जात नाहीत. हे दोन्ही एकच का?

रबरमोल्ड | १४ एप्रिल, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कुपवाड एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भाग बनवण्यात, अठरा वर्षं काढलीत, त्यामुळं या विषयावर जरा तोंड सुटेल, सांभाळून घ्या.

कृष्णाकाठ, गाडीच्या मागच्या बंपरखाली आडवे होऊन टॉर्च मारा. आतल्या बाजूला काहीतरी कोरलेलं दिसेल, बहुतेक पीपी, ईपीडीएम आणि पुढं टीडी म्हणून एखादा आकडा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, घरातल्या बादल्या-डब्यांचीच जात. ते थंडीत, धक्क्यात तडकू नये म्हणून त्यात ईपीडीएम हे रबर घालतात. आणि टीडी म्हणजे शंखजिऱ्याची (टॅल्कची) पूड. टीडी २० असेल तर वजनात वीस टक्के. भाग ताठ राहावा, साच्यातून निघाल्यावर वाकू नये म्हणून. याशिवाय काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक. काजळी नुसत्या रंगासाठी नसते, ऊन तीच पिते. ती नसती तर तुमचं क्लॅडिंग दोन उन्हाळ्यांत बिस्किटासारखं मोडलं असतं.

पण अगदी वरच्या पापुद्र्याला वाचवणारं कोणी नसतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तिथल्या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, प्लॅस्टिक झिजून शंखजिरं उघडं पडतं. शंखजिरं मुळात पांढरं. त्यात खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडं विखुरतो, म्हणून राखाडी दिसतं. काजळी कुठं गेलेली नाही, ती आतच आहे. तुमची उजवी बाजू काळी राहिली याचं कारण दुसरं काही नाही, भिंत.

आता एक करा. राखाडी भागावर ओलं बोट फिरवा. काय होतं?

कृष्णाकाठ | १४ एप्रिल, दुपारी २:०५

आत्ता जाऊन केलं (चटका बसला, असलं तापलंय!). बोट फिरवलं तिथं नव्यासारखं काळं झालं. मिनिटभरात वाळलं आणि परत राखाडी.

रबरमोल्ड | १४ एप्रिल, रात्री ८:५०

झालं तर. पाण्यानं त्या भेगा भरल्या, उजेड विखुरायचा थांबला, काळं दिसलं. वॉशिंग सेंटरचं चकचकीत पाणी, खोबरेल, तात्यांचं डिझेल, सगळे हेच करतात, फक्त पाण्यापेक्षा सावकाश उडतात. चकचकीत द्रव बहुतेक सिलिकॉन तेलाचा असतो. त्यानं नुकसान नाही, पण तो कशाला धरून बसत नाही, पावसात ओघळतो. म्हणजे तुम्हाला पाहिजे ते असं की भेगा भरेल आणि मग तिथंच घट्ट होऊन बसेल.

तात्या, तुमच्या शब्दाबाहेर नाही, पण डिझेल आणि ऑइल काचेच्या काळ्या रबरी पट्ट्यांना लागू देऊ नका. त्या पट्ट्या बहुतेक ईपीडीएमच्या असतात. ऊन-पाऊस ते रबर वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं, पुढं मऊ पडून सैल होतं. मग काच खाली-वर करताना पट्टी ओढली जाते.

पिवळीहळदताई, तुमचं वेगळं. वॅक्स त्या दाणेदार खळग्यांत जाऊन वाळलंय. ओलं केलं तरी ठिपके तसेच दिसत असतील तर ते वॅक्सच समजा. पोराच्या कंपासमधला साधा खोडरबर घ्या आणि घासा.

तात्या_मिरज | १४ एप्रिल, रात्री ९:३०

म्हणून माझ्या जीपच्या काचेच्या पट्ट्या लोंबायच्या होय. तीस वर्षांनी कळलं. चालू द्या.

पिवळीहळद | १४ एप्रिल, रात्री १०:१२

खोडरबरनं निघालं!! दोन खोडरबर संपले, लेक रुसलीय, पण निघालं. 🙏

भडंगप्रेमी | १५ एप्रिल, सकाळी ९:००

हीट गनचे व्हिडिओ बघितलेत का कोणी? गरम हवा मारली की प्लॅस्टिक डोळ्यांदेखत काळं होतं. एक रुपयाचं लिक्विड नाही. माझ्याकडं गन आहे, रविवारी करू म्हणतो.

सातारी_कंदी | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

थांब रे बाबा. मी केलंय. होतं काळं, खोटं नाही. पण मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर हात दोन सेकंद जास्त रेंगाळला, तिथं दाणे वितळून बशीएवढा चकचकीत डाग पडला. तो आजपण आहे. आणि चाकावरच्या कमानीची कड किंचित खाली आली, क्लिपमध्ये परत बसेना. पॅसेंजरला दिसत नाही, मला रोज दिसतं.

रबरमोल्ड | १५ एप्रिल, दुपारी १:२५

पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं. हीट गनच्या तोंडाशी हवा पाचशेच्या वर सहज जाते. म्हणजे तुम्ही वरचा पापुद्रा मुद्दाम वितळवताय, भेगा मिटतात, शंखजिरं पुन्हा आत बुडतं. म्हणून काळं. त्यात जादू नाही, पण हात सतत हलता हवा, आणि रंगवलेल्या पत्र्याजवळ, पार्किंग सेन्सरजवळ, काचेजवळ जायचंच नाही. एवढं करून त्या पापुद्र्याला नवीन संरक्षण काही मिळत नाही. उन्हाशी झुंजणारी जी द्रव्यं कारखान्यात घातलेली असतात ती वरच्या थरात आधीच खर्ची पडलेली. काही महिन्यांनी परत राखाडी. दर खेपेला थोडे दाणे सपाट होतात ते वेगळंच.

कंदीभाऊंच्या रंगाबद्दलही एक. पॉलिप्रॉपिलीनला काही चिकटायला बघतच नाही, मेणासारखा स्वभाव आहे त्याचा. बंपर रंगवतात तेव्हा आधी खास प्लॅस्टिक प्रायमर मारतात. तो न मारता नुसता डबा मारला तर केळीची साल ठरलेली.

भडंगप्रेमी | १५ एप्रिल, दुपारी १:४०

गन माळ्यावर ठेवली. परदेशात पीनट बटर लावतात म्हणे, ते तरी? 😜

तात्या_मिरज | १५ एप्रिल, दुपारी २:१०

शेंगदाण्याचं कूट गाडीला लावणाऱ्याला आमच्या घरात जेवायला मिळणार नाही.

रबरमोल्ड | १५ एप्रिल, रात्री ९:१५

तेही शेवटी तेलच. वर मुंग्या.

आता मूळ प्रश्न. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, काळा रंग असलेला रिस्टोरर, म्हणजे काळेपणा परत आणणारं द्रव, सोल्यूशन फिनिश नावाचं मिळतं तसलं. दुसरा, सिरॅमिक ट्रिम कोटिंग, सेराकोटचे ओले वाइप्स मिळतात तशातला. हा पारदर्शक, भेगा भरून वर कडक थर करतो. तुमची ओल्या बोटाची परीक्षा लगेच काळी दाखवते, म्हणजे आतला काळा रंग शाबूत आहे, पारदर्शक कोटिंग पुरेल. ओलं करूनही राखाडीच राहणाऱ्यांनी रंगाचा घ्यावा. भारतीय कंपन्यांचीही कोटिंगं आहेत, लहान बाटली हजाराच्या आत-बाहेर मिळते, एका गाडीला पुरून उरते.

पण बाटलीपेक्षा धुण्यावर जीव लावा. तुमच्या प्लॅस्टिकवर आत्ता खोबरेल, सिलिकॉन आणि राख असा तिहेरी थर आहे. त्यावर कोटिंग म्हणजे तेलकट भिंतीवर चुना.

कृष्णाकाठ | १६ एप्रिल, सकाळी ८:१०

आमच्याकडं बोअरचं पाणी, जाम जड. धुतल्यावर पांढरे डाग उरतात, त्याचं काय?

रबरमोल्ड | १६ एप्रिल, दुपारी १:१५

ते क्षार. पांढरा व्हिनेगर अर्धं पाणी घालून लावा, थोडं थांबा, धुवा. शेवटचं पाणी नळाचं घ्या. टॉयलेटसाठीचं ॲसिड चुकूनही नको, खाली ओघळून नटबोल्ट आणि ब्रेक डिस्क गंजवाल.

कृष्णाकाठ | १ मे, रात्री ८:४५

महाराष्ट्र दिनाची सुट्टी सत्कारणी लावली. तपशिलात लिहितो, कारण मला कुणी तपशिलात सांगितलं असतं तर एक तास वाचला असता.

पहाटे साडेपाचला सुरू केलं. प्लॅस्टिक थंड पाहिजे, आणि आमच्याकडं सात वाजताच ऊन पाठीवर बसतं. पहिल्यांदा साधा शाम्पू. मग डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) पाण्यात एकास पाच, कपडे धुवायचा नायलॉनचा ब्रश. पहिल्या हाताला जे पाणी खाली आलं ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. मला वाटलं झालं. पण नळाचं पाणी सोडलं तर प्लॅस्टिकवर थेंब गोळा होऊन पळायला लागले. मला आनंद झाला, रबरमोल्डना फोटो पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर: "थेंब होतायत म्हणजे तेल आहे, अजून घासा." तिसऱ्यांदा घासल्यावर पाणी सपाट पसरून वाहिलं. तेव्हा ते प्लॅस्टिक इतकं भकास दिसत होतं की बायको म्हणाली, होतं तेच बरं होतं.

पुसून, मागचा फटींतला ओलावा निघावा म्हणून तासभर सुकवलं. केमिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं होतं, त्यानं एकदा पुसलं. पत्र्याच्या कडेनं मास्किंग टेप. हातमोजे घाला, मी डाव्या हाताला घातला नव्हता, अजून दोन बोटं चिकट आहेत.

कोटिंग म्हणाल तर आधी वायपरखालच्या जाळीवर, कोपऱ्यात, बोटभर जागी लावून बघितलं. मग डावं मागचं दार. स्पंजावर चार-पाच थेंब, आडवं एकदा, उभं एकदा. सुकलेल्या मातीत पाणी जिरावं तसं जिरत होतं. जिथं दुसऱ्यांदा नेलं तिथं जिरायचं थांबलं. दोनेक मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरनं हलकं पुसायचं, नाहीतर जाड राहिलेल्या जागी रेघा उमटतात. पुढच्या दारावर एक रेघ राहिलीच, वाळायच्या आत अल्कोहोलनं पुसून परत लावली.

भिंतीकडची बाजू जेमतेम एका तासात झाली. डाव्या बाजूनं तीन तास आणि दुप्पट लिक्विड खाल्लं.

आता खरी मजा. बाटलीवर लिहिलंय, चोवीस तास पाणी लागू देऊ नका. संध्याकाळी पाच वाजता आभाळ भरून आलं, वारा सुटला, धूळ. सासऱ्यांची तासगावला द्राक्षबाग आहे, बेदाण्याच्या शेडवर घालायची जुनी ताडपत्री आमच्या गच्चीत पडून होती. मी आणि पोरगं, दोघांनी ती ओढत आणून चार दगड ठेवून गाडी झाकली आणि टपोरे थेंब सुरू झाले. गल्लीतले सगळे खिडकीतून बघत होते. गाडीला कुणी एवढं जपत नाही म्हणे.

सातारी_कंदी | १ मे, रात्री ९:०२

ताडपत्री प्लॅस्टिकला टेकली नाही ना? टेकली असेल तर छाप उठेल.

कृष्णाकाठ | २ मे, सकाळी ६:५०

मागच्या बंपरला टेकली होती. तळहाताएवढा फिकट छाप आहे. 😐 बाकी दारं मात्र बघत राहावी अशी काळी. चकाकी नाही, शोरूममध्ये होतं तसं मंद काळं.

रबरमोल्ड | २ मे, दुपारी १:४०

आठवडाभर थांबा. पूर्ण कडक झालं की तेवढीच जागा अल्कोहोलनं पुसून परत एक हात द्या. आणि डिटेलिंग करणाऱ्यांकडं जोरदार अल्कली फोम मारतात, तिथं सांगत जा की काळ्या भागावर साधा शाम्पूच.

पुरानंतर | ९ मे, रात्री ११:३०

जरा वेगळी केस. आमची गाडी २०१९च्या पुरात दारांच्या अर्ध्यापर्यंत पाण्यात होती. इंजिन, वायरिंग तेव्हाच झालं, पण क्लॅडिंगच्या दाण्यांत त्या गाळाचा पिवळसर थर अजून आहे. घासलं की जातो, वाळलं की परत दिसतो. कोटिंगखाली तो कायमचा अडकेल ना?

रबरमोल्ड | १० मे, दुपारी १:२०

अडकेल. तुमच्या बाबतीत क्लॅडिंग काढूनच धुवा. बहुतेक ठिकाणी क्लिप आणि चार-दोन स्क्रू असतात. वाळल्यावर परत दिसतो म्हणजे मागं पत्रा आणि प्लॅस्टिकच्या मध्ये गाळ साठलाय, ओल लागली की तो फटीतून पाझरतो. क्लिपा मोडतील असं धरूनच आधी दहा-बारा विकत आणून ठेवा. आणि पत्र्याला मागून गंज आहे का तेही बघून घ्या, मला प्लॅस्टिकपेक्षा त्याची काळजी वाटते.

पुरानंतर | १९ मे, रात्री १०:००

काढलं. प्रत्येक दारामागून मूठभर गाळ निघाला, वाळून ठिकरीसारखा झालेला. मागच्या डाव्या दाराच्या बुडाला गंजाची रुपयाएवढी जागा. ती घासून प्रायमर मारलाय. प्लॅस्टिकचं बघू पुढं, पण या धाग्यानं दार वाचवलं.

तात्या_मिरज | १९ मे, रात्री १०:२०

शाब्बास.

भडंगप्रेमी | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

धागा वर काढतोय. कृष्णाकाठ, पावसाळा संपला. टिकलं का? दिवाळीआधी माझी करायचीय.

कृष्णाकाठ | १८ ऑक्टोबर, रात्री ७:३५

खरं ते सांगतो. दारांचं क्लॅडिंग, चाकांच्या कमानी, आरसे, चांगले आहेत. पाणी मारलं की अजून थेंब होतात आणि या वेळी अंगावर तेल नाही, त्यामुळं आनंद मानायला हरकत नाही. एक फरक जाणवला, चिखल वाळला तरी ओल्या फडक्यानं निघतो, दाण्यांत बसत नाही.

वायपरखालची जाळी थोडी उतरलीय. तिथं ऊन सरळ वरून, शिवाय इंजिनची धग. आणि मागच्या बंपरचा वरचा काठ, जिथून डिकीत सामान ठेवतो, तो पार राखाडी. पण त्याला कोटिंगचा दोष नाही. जुलैत सासऱ्यांनी त्यावरून खताची पोती ओढलीत, दोन वेळा. मी "उचलून ठेवा" म्हणालो होतो.

बाटलीत अजून बोटभर लिक्विड आहे, पण झाकण घट्ट नव्हतं बहुतेक, साखरेच्या पाकासारखं झालंय. ते वापरू की नवीन आणू?

रबरमोल्ड | १८ ऑक्टोबर, रात्री ९:४०

टाकून द्या, घट्ट झालेलं जिरत नाही, वरच बसतं. भडंगप्रेमी, तुम्ही नवीन आणताय ना? दोघांत एक घ्या. यांच्या बंपरच्या काठाला चमचाभर पुरे.

भडंगप्रेमी | १८ ऑक्टोबर, रात्री ९:५५

चालतंय की. कृष्णाकाठ, रविवारी पहाटे येतो गाडी घेऊन. भडंग माझं, ताडपत्री तुमची. या वेळी खाली चार काठ्या लावू, टेकायला नको.